सोलापुरात राहून युद्धकाळातली तात्पुरती टपाल तिकिटं आणि पाकिटं कशी जमवावीत?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या ट्रंकेत १९७१ चं एक पाकीट सापडलं, त्यावरच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा रबरी शिक्का आहे. ते दुर्मीळ आहे का, आणि अशी युद्धकाळातली तात्पुरती तिकिटं, म्हणजे नेहमीची तिकिटं नसताना वेळ भागवायला चालवलेली, जमवायची तर सुरुवात कुठून करायची?

सगळ्यात आधी एक विनंती. ते तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका, कात्रीने कापूनही काढू नका. पाकीट आहे तसंच राहू द्या, आत पत्र असेल तर तेही आतच ठेवा. या प्रकारच्या संग्रहात खरी किंमत पाकिटाला असते. सुटं तिकीट काहीच सांगू शकत नाही. रबरी शिक्का आजही कुठल्याही दुकानात करून मिळतो आणि जुनं कोरं तिकीट बाजारात मिळतं; दोन्ही एकत्र आणून ‘दुर्मीळ’ माल तयार करणारे कमी नाहीत.

आता तुमच्या पाकिटाबद्दल. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या खर्चासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसवला. त्यासाठीचं खास तिकीट, निर्वासित कुटुंबाचं चित्र असलेलं, १ डिसेंबरला आलं. मधल्या पंधरवड्यात काम भागवायचं कसं? तर तेव्हा चालू असलेलं पाच पैशांचं कुटुंबनियोजनाचं तिकीट घेऊन त्यावर ‘शरणार्थी सहायता’ आणि ‘रिफ्यूजी रिलीफ’ असं छापलं गेलं. हा छापील माल नाशिकच्या प्रेसमधून निघाला, पण सगळीकडे वेळेत पुरला नाही. मग ठिकठिकाणी रबरी शिक्के करून तिकिटांवर मारले गेले. सरकारी टपालासाठीच्या सर्व्हिस तिकिटांवरही हेच झालं. हा कर ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला.

म्हणून उत्तर दोन भागांत येतं. नाशिकचा छापील ओव्हरप्रिंट (तयार तिकिटावर वरून छापलेली अक्षरं) असता तर पाकीट सर्वसाधारण ठरलं असतं, कारण ते भरपूर निघाले. हाताने मारलेला शिक्का असेल आणि पाकीट खरोखर टपालातून गेलेलं असेल, तर त्यात दम आहे. ते ‘खरोखर’ तपासायचं कसं, यावरच जरा सविस्तर लिहितो, कारण या छंदाचा सगळा कस इथेच लागतो.

पहिली गोष्ट हिशेबाची. तेव्हा साध्या पत्राला वीस पैसे लागायचे, वर कराचे पाच. म्हणजे पाकिटावर एकूण पंचवीस पैशांची तिकिटं हवीत. वजन जास्त असेल किंवा रजिस्टर केलं असेल तर आकडा बदलेल, पण त्याला कारण पाकिटावरच दिसलं पाहिजे. नुसतं पाच पैशांचं शिक्क्याचं तिकीट लावून कोणी पत्र पाठवलं असेल, तर ते पत्र टपालाने पोहोचलंच कसं, हा प्रश्न विचारा.

दुसरी गोष्ट शाईच्या थरांची. आधी तिकिटावर ‘रिलीफ’चा शिक्का बसला, नंतर पोस्टाचा तारखेचा शिक्का बसला, हा खरा क्रम. दहापट भिंगाखाली बघा. तारखेच्या शिक्क्याची रेघ ‘रिलीफ’च्या अक्षरांवरून गेलेली दिसली तर ठीक. अक्षरंच त्या रेघेवर चढलेली दिसली, तर वापरून झालेल्या तिकिटावर नंतर कुणीतरी हात चालवला आहे. तारखेचा शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटाच्या कागदावर उमटलेला असावा, आणि दोन्ही अर्ध्यांची गोलाई जुळावी.

तिसरी गोष्ट पाठीमागची. पोहोचल्याचा शिक्का पाठीवर असेल तर तारखेचं गणित करून बघा. आणि पत्ता वाचा! पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. नोव्हेंबर १९७१ ची तारीख आणि पत्त्यात ‘४१३००१’ असेल, तर पुढे काही तपासायची गरजच उरत नाही.

ही तीन पावलं सगळ्या जगातल्या युद्धकाळच्या तिकिटांना लागू पडतात. इंग्लंडजवळच्या गर्न्सी बेटावर जर्मनांचा ताबा असताना एक पेनीची तिकिटं संपली. तेव्हा १९४० च्या डिसेंबरअखेरीपासून १९४१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन पेनीचं तिकीट तिरकं कापून अर्धं अर्धं चालवलं गेलं. कापलेला तुकडा सुटा असेल तर तो निव्वळ कागद. पाकिटावर असेल, शिक्का कापलेल्या कडेवरून गेला असेल आणि तारीख त्या मुदतीत बसत असेल, तरच त्याला अर्थ. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात मॅफेकिंगला वेढा पडला होता, तिथे १९०० मध्ये निळ्या फोटो-कागदावर तिकिटं छापली गेली. एकावर सायकलवर बसलेला मुलगा आहे. ब्रह्मदेशात १९४२ मध्ये जपान्यांबरोबर आलेल्या बर्मी स्वातंत्र्यसेनेच्या काळात सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर मोर छापले गेले. या मोरांच्या नकला इतक्या आहेत की लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र नसेल तर मी त्यांच्याकडे बघतही नाही. तुम्हीही बघू नका, निदान सुरुवातीला.

एक इशारा मात्र कळकळीने देतो, कारण आपल्या लोकांची भावना इथे पटकन गुंतते. आझाद हिंदची तिकिटं बर्लिनमध्ये छापली गेली, हे खरं. पण ती टपालात कधी वापरली गेली नाहीत. कोरी तिकिटं घ्या, अल्बममध्ये मानाने लावा. पण ती लावलेलं, शिक्का मारलेलं ‘वापरलेलं’ पाकीट कोणी दाखवलं, तर नमस्कार करून परत द्या.

सुरुवातीला माझा सल्ला असा की १९७१ लाच धरून राहा. भारताची निर्वासित-कराची पाकिटं आहेतच. जोडीला बांगलादेश घ्या. १६ डिसेंबरला पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करल्यानंतर तिथल्या पोस्टात पाकिस्तानची तिकिटं पडून होती, त्यांवर गावोगावी इंग्रजीत नाहीतर बंगालीत ‘बांगलादेश’ असे शिक्के मारून ती वापरली गेली. ३० एप्रिल १९७३ पर्यंत ती चालली. गावागणिक शिक्का वेगळा, म्हणून आयुष्य पुरणार नाही इतका हा विषय मोठा आहे. त्याआधी, २९ जुलै १९७१ ला, बिमान मल्लिक यांनी चित्रं काढलेली आठ तिकिटं मुजीबनगर सरकारने, म्हणजे बांगलादेशच्या हंगामी सरकारने, काढली होती. ती सहज मिळतात आणि त्यांच्यापासून संग्रहाची सुरुवात छान होते.

सोलापुरात शोधायचं कुठे? मी सुताच्या पेढीवर नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून माझी नजर व्यापारी पत्रांवर जाते. इथे गिरण्या होत्या, सुताचे आणि चादरींचे व्यापारी होते, देशभर रोजचा पत्रव्यवहार चालायचा. त्या पत्रांत कोणी तिकिटाचा शौक म्हणून काही लावत नव्हतं. पत्र जावं एवढाच हेतू. संग्राहकाने स्वतःलाच पाठवलेल्या देखण्या पाकिटापेक्षा मला डाग पडलेलं, भाव आणि गाठींची संख्या लिहिलेलं पाकीट शंभर वेळा जास्त आवडतं. जुन्या पेढ्या बंद होतात तेव्हा दप्तर रद्दीत जातं. पूर्व भागातल्या आणि पेठांमधल्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवा की पाकिटं किलोवर घालू नका, आधी मला दाखवा. नातेवाइकांना विचारा. घरात कोणी फौजेत असेल तर ‘९९ ए.पी.ओ.’ किंवा ‘५६ ए.पी.ओ.’ (आर्मी पोस्ट ऑफिस, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) पत्ता असलेली पत्रं नक्की असतील. पहिला पूर्वेकडचा, दुसरा पश्चिमेकडचा.

आपल्या जिल्ह्याची म्हणून आणखी एक वाट आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवर निघालेली मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गकडे गेली, आणि १७ तारखेला निजामाने युद्ध थांबवलं. निजामाची तिकिटं फक्त त्याच्या हद्दीत चालत, आणि ती हद्द आपल्यापासून हाकेच्या अंतरावर होती. यात तात्पुरतं तिकीट नाही, पण त्या पाच दिवसांतल्या तारखेचं, हद्दीच्या कुठल्याही बाजूचं पाकीट हाती लागलं तर ते सोडू नका.

चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या, आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं तिकीटही घ्याच. आपल्या टपाल खात्याने १९९३ मध्ये काढलं, चीनने त्याआधी १९८२ मध्ये. दोन्ही युद्धानंतरची, साधी तिकिटं आहेत, पण सोलापूरच्या संग्रहात ती नसावीत हे मला पटत नाही.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. आपला उन्हाळा कागदाचा वैरी आहे. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पिशव्या उष्णतेने चिकटतात आणि शाई ओढून घेतात, म्हणून पॉलिएस्टरचे कडक पाउच वापरा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, पाठीवर पेनने लिहिणं नको. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नका. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं.

तुमच्या पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो प्रश्नाखाली टाका, आजोबांचा पत्ता झाकून. तिकिटांची बेरीज, तारखेचा शिक्का आणि पाठीवरचा शिक्का दिसू द्या. शिक्का कोणत्या पोस्टात मारला गेला असेल ते आपण मिळून शोधू.