वापरलेला पिकअप आणि ‘रिकॉल’

प्रश्न : माझे धाकटे बंधू टेक्सासमध्ये २०२१ सालचा वापरलेला फोर्ड एफ-१५० पिकअप घेत आहेत. त्या गाड्यांचा ‘रिकॉल’ झाला होता म्हणतात. मग गाडी घ्यावी का?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, मात्र आधी चौकशी करावी. डिसेंबर २०२१ मध्ये फोर्डने २०२१-२२ या मॉडेलांच्या सुमारे १ लाख ८५ हजार एफ-१५० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. गाडीच्या पोटाखाली बसवलेले इन्सुलेशनचे आवरण सैल होऊन लोंबू लागले, की ते फिरत्या ॲल्युमिनियमच्या ड्राइव्ह शाफ्टला (इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला) घासते. घासून चरा पडलेला शाफ्ट धावत्या गाडीत तुटू शकतो आणि हँडब्रेक ओढलेला नसेल, तर ‘पार्क’ गिअरमध्ये उभी केलेली गाडीसुद्धा घरंगळू शकते. खालून खडखड किंवा टकटक ऐकू येणे ही त्याची आगाऊ सूचना असते.

बंधूंनी गाडीचा १७ अक्षरी-अंकी व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. दुरुस्ती बाकी असल्यास फोर्डचा विक्रेता ती मोफत करून देतो, मालक कितवाही असो. विकणाऱ्याच्या शब्दावर मात्र विसंबू नये, कारण वापरलेली गाडी विकण्यापूर्वी रिकॉलची दुरुस्ती करण्याचे बंधन तिथला संघीय कायदा विक्रेत्यावर घालत नाही, हे थोडे विचित्रच आहे.