वडिलांना सांभाळत जुन्या कपड्यांतून शिवणकाम करता येतं का?

ताई, तुम्ही विचारलंय की वडिलांसाठी नोकरी सोडली, घरात आईची पायमशीन पडून आहे, तर जुन्या, स्वस्तातल्या कपड्यांतून काही शिवून विकता येईल का आणि सुरुवात कशानं करावी. येतं. मी सोलापुरात सहा वर्षं हेच करतेय. माझे वडील, अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. त्यांना विस्मरणाचा आजार आहे आणि दोन वर्षांपासून वॉकर लागतो.

काय शिवायचं हे ठरवण्याआधी एक बघा. जे काम कुठल्याही क्षणी टाकून उठता येईल, तेच हातात घ्या. मला हे ठेच लागून कळलं. पहिल्याच वर्षी एका ओळखीच्या बाईंकडून संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी ६० बटव्यांची ऑर्डर घेतली, वाणात द्यायला. इकडे संक्रांतीची, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरायला लागली आणि तिकडे अण्णांना ताप आला. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. ३८ बटवे झाले, बाकीचे राहिले. त्या बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण अपुरे बटवे त्यांच्या हातात देताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून तारखेची ऑर्डर घेत नाही. आधी शिवते, मग विकते.

कामाचे तुकडे पाडा. कापायचं काम मी अण्णा दुपारी झोपले की करते, म्हणजे कात्री त्यांच्या नजरेस पडत नाही. मशीनवर मात्र ते जागे असतानाच बसते. आधी मला वाटायचं की मशीनच्या आवाजाचा त्यांना त्रास होईल. झालं उलटंच. अण्णा ३४ वर्षं यंत्रमागावर होते. मशीन चालू असली की ते निवांत पडून राहतात, आणि थांबली की आतून हाक येते, "धागा तुटला काय?"

संध्याकाळी पाच-सहाची वेळ अवघड. या आजारात दिवस मावळताना पुष्कळांची चलबिचल वाढते. अण्णा "भोंगा झाला का?" म्हणून विचारत राहतात. हा भोंगा जुन्या मिलचा, १८७७ साली सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंगचा. माझे आजोबा तिथं कामाला होते. ती मिल बंद पडून कितीतरी वर्षं झाली. मी वाद घालत नाही. त्या वेळी मशीन झाकते आणि अण्णांच्या मांडीवर चिंध्यांचं टोपलं ठेवते. दशा ओढून काढायच्या, एवढंच काम. मागच्या आठवड्यात त्यांनी एका शर्टाची बाही अंगठा आणि बोटामध्ये धरली, दोनदा चोळली आणि म्हणाले, "यात पॉलिस्टर आहे." मला ते कापड सुती वाटलं होतं. एक धागा काढून काडीनं पेटवला, तर टोकाला टणक काळी गोळी झाली. निव्वळ सुती धाग्याला जळक्या कागदासारखा वास येतो आणि त्याची मऊ राख होते. त्या दिवशी सकाळपासून त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. बोटांना सगळं आठवत होतं.

ही काडीची परीक्षा तुम्हीही करत जा. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या अंगाशी पॉलिस्टर गेलं की घामोळं आलंच समजा. तसलं कापड पिशव्यांना ठेवा.

आता माल. सोलापुरात याची चंगळ आहे. कारखान्यातले किंचित दोष असलेले टॉवेल 'सेकंड' म्हणून किलोवर मिळतात. युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडे कटिंगमधली उरलेली पट्टी असते. जुन्या साड्या आणि चादरी मी आठवडी बाजारातून किंवा ओळखीच्यांकडून घेते. तुमच्या गावात हे सगळं नसेल, तर बोहारणीला सांगून ठेवा. भांड्यावर कपडे घेतानाच ती सुती साड्या तुमच्यासाठी बाजूला काढेल. आणलेलं काहीही घरात पसरू नका. गरम पाण्यात साबण घालून भिजवा, धुवा, दोन दिवस कडक उन्हात टाका. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून मी पाण्याचा वार बघूनच खरेदीला जाते.

सोलापुरी चादर मधे विरते, पण कडेला चांगली राहते. त्या कडेतून मी वॉकरच्या पिशव्या करते. चादर सरळ कापली की धागे भराभर सुटतात, म्हणून जिथं कापायचं तिथं आधी दोन शिलाया शेजारी शेजारी मारा आणि मग त्यांच्या मधून कात्री चालवा. सुई १६ नंबरची लावा. साध्या सुती कापडाला १४ पुरते. वॉकरची पिशवी दोन कप्प्यांची आणि लहानच ठेवा. एकात चष्मा, दुसऱ्यात रुमाल. मोठी केली की घरचे तिच्यात पाण्याची बाटली घालतात, वजन पुढे येतं आणि वॉकर कलंडतो.

पण सगळ्यात आधी, ताई, टॉवेलचं जेवणाचं लाळेरं शिवा आणि ते तुमच्या वडिलांसाठीच शिवा. 'लाळेरं' हा शब्द त्यांच्यासमोर वापरू नका. आम्ही त्याला 'जेवणाचा पंचा' म्हणतो. टॉवेल गळ्यापाशी अर्धगोल कापायचा, कडेला साडीच्या काठाची पट्टी लावायची, मानेमागे वेल्क्रो. नाडी नको. ती बांधताना हनुवटी वर करावी लागते, माणूस अवघडतो, आणि झोपेत गळ्याशी राहिली तर धोका. धुताना कपडे मऊ करायचं औषध घालू नका, त्यानं टॉवेल पाणी शोषेनासा होतो. अण्णांसाठी केलेला पंचा त्यांना व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी बघितला आणि दुसऱ्या दोन पेशंटच्या घरी सांगितलं. माझी विक्री तिथून सुरू झाली. पर्सा आणि बटव्यांपेक्षा अजूनही पंचे आणि वॉकरच्या पिशव्याच जास्त जातात. महिन्याला अडीच ते चार हजार सुटतात. पगाराची जागा याला घेता येणार नाही, तेवढा हिशेब आधीच धरा.

गोधडी मी विकायला करत नाही, पण त्यांच्या खाटेशी बसून हातानं धावदोरा घालत राहते. ते काम मधेच टाकायला सगळ्यात सोपं. फक्त टाचण्या लावू नका. एकदा अण्णांच्या अंथरुणात मला एक सापडली, पाठीपासून चार बोटांवर. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. आता थर लांब कच्च्या टाक्यांनी जोडते. मशीनवर लागणाऱ्या टाचण्या मोजून २०, एका डबीत. उठताना मोजते.

आईच्या मशीनचा पट्टा वाळला असेल, तो बदलून घ्या. तेल मशीनचंच घाला, खोबरेल नको, त्यानं आतला मळ चिकटून मशीन जड होते. पहिली शिलाई जुन्या टॉवेलवर मारा आणि वडील जागे असताना मारा. त्यांना आवाज कसा वाटतो ते कळेल, मग मशीन कुठल्या खोलीत ठेवायची ते ठरवा.