सिस्टरांच्या वर्गाला पाठवू का?

प्रश्न : तुर्भ्याला राहते, घरकाम करते. वस्तीत ख्रिस्ती सिस्टर फुकट शिकवणी घेतात. आठवीतली मुलगी गणितात सुधारली. शेजारी म्हणतात, बाटवतील. बंद करू?

उत्तर : ताई, एकदा वर्गात जाऊन बसा. प्रार्थना सक्तीची आहे का, तोंडावर विचारा. मान्यताप्राप्त शाळेलासुद्धा पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण लादता येत नाही (राज्यघटना, कलम २८). संशय जुनाच. पुण्यात १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवांसाठीच्या निवासी शाळेवरून, हेच वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाईंचा ख्रिस्ती धर्म काही लपलेला नव्हता. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली केडगावला आणून जगवल्या त्याही बाईंनीच! सक्ती नसेल तर मी शिकवणी बंद करणार नाही. शेजारी गणित शिकवणार आहेत का?