विद्यापीठात अर्काइव्हिस्ट व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बी.ए. इतिहास झालंय, साताऱ्यात राहून एम.लिब. (ग्रंथालयशास्त्र) करताय, आणि पुढे एखाद्या विद्यापीठाच्या दुर्मीळ संग्रहाचं काम सांभाळायची इच्छा आहे. पण 'अर्काइव्हिस्ट', म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणारा माणूस, 'पाहिजे' अशी जाहिरात कुठे दिसतच नाही. बरोबर आहे, ती क्वचितच दिसते. मी सांगलीची. वीसेक वर्षं हेच काम करते आहे आणि माझ्या नेमणुकीच्या पत्रावरही हा शब्द नाही.

आपल्याकडे बहुतेक जण ग्रंथालयाच्या दारानं आत येतात. विद्यापीठात सहायक ग्रंथपाल व्हायला एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. उपग्रंथपाल व्हायचं तर आठ वर्षांचा अनुभव आणि पीएच.डी. दुसरी वाट दिल्लीची. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजमध्ये एक वर्षाचा डिप्लोमा असतो. घरून परवानगी आणि पैसे दोन्ही जमत असतील तर जरूर करा, मला जमलं नव्हतं. बाकी एकदा आत शिरलात की दप्तराचं, म्हणजे जुन्या कागदपत्रांचं, काम कोणी देत नाही, ते मागून घ्यावं लागतं. मी मागितलं तेव्हा हातात जिन्याखालच्या खोलीची किल्ली आली. आत १९६०-७० च्या दशकांतल्या सभांची इतिवृत्तं, मोडक्या खुर्च्या आणि एक सतार होती. सतार कोणाची ते अजून कळलेलं नाही.

मोडी, जुन्या मराठी कागदांची लिपी, मात्र आजच सुरू करा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, ते तुम्ही पाहिलंच असेल. अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत येतात. खरी दमछाक तारखांपाशी होते. पत्रात 'सन खमस', 'छ ७ रमजान' असं असतं. वर्षाचा आकडा अरबी शब्दांत, महिना मुसलमानी आणि 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे त्या महिन्यातली तारीख. हे जुळवता आलं नाही तर कागद वाचूनही कळत नाही की तो पानिपताच्या आधीचा की नंतरचा.

आता माझी एक चूक सांगते, कारण पुस्तकातून मला ती कळली नसती. मिरजेच्या बाजूच्या एका वाड्यातून आम्हाला एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मिळाला. विटका लाल कपडा, चारी टोकं एकात एक अडकवून मारलेली गाठ, आत साठ-सत्तर कागद. मी नवी होते, हौस दांडगी. गाठ सोडली, सगळे कागद तारखेप्रमाणे लावले, एकेकाला वेगळं पाकीट केलं, यादी टाइप केली. साहेबांनी पाठ थोपटली. दोन वर्षांनी एक अभ्यासक आले. त्यांनी आमराईच्या उत्पन्नाचा एक कागद काढला आणि विचारलं, "बाई, हा कोणत्या कागदाच्या घडीत होता?" मला सांगता येईना. भाऊबंदकीचं भांडण, त्याचा पुरावा, त्यावरचा निवाडा असं कोण्या कारकुनानं एकात एक घडी घालून ठेवलं असणार. ती घडीच तर खरी माहिती होती, आणि ती मी मोडली होती. आमच्या धंद्यात याला मूळ क्रम म्हणतात. तेव्हापासून गाठ सोडायच्या आधी फोटो, प्रत्येक थर उचलताना फोटो, आणि कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक. पेन कधीच नाही.

दुसरी शाळा म्हणजे २०१९ चा पूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. ओले कागद दोन दिवसांत बुरशी धरायला लागतात. लोक भल्या मनानं वह्या गच्चीवर उन्हात टाकत होते आणि पानं पापडासारखी वळत होती. सावली, पंखा, पानांमध्ये कोरे टिपकागद, हेच खरं. पण हजार वह्यांना माणसं कुठून आणायची? शेवटी ओळखीच्या एका बेदाणेवाल्यानं कोल्ड स्टोरेजचा एक कोपरा दिला. तिथं गोठत नाही, नुसतं गार राहतं, पण बुरशी मंदावली आणि आम्हाला आठवडा मिळाला. बरेच दिवस त्या वह्यांना बेदाण्याचा वास येत होता. तेव्हा तुमच्या गावात कोल्ड स्टोरेज कोणाचं आहे हे आधीपासून माहीत ठेवा. मी चेष्टा करत नाहीये.

प्रमुख झाल्यावर वाचन कमी होतं आणि 'नको' म्हणणं वाढतं. वाडा विकायला निघाला की लोक पोत्यानं पोथ्या आणतात, त्यातल्या बहुतेक छापील असतात आणि कुठेही मिळतात. वर अट असते की आजोबांचं नाव कपाटावर पाहिजे. घ्यायचं ते लेखी दानपत्र करूनच घ्या. मालकी कोणाची, छापायचा हक्क कोणाचा, नको असलेलं परत द्यायचं की नाही, सगळं त्यात हवं. तोंडी घेतलेल्या संग्रहावर नातू भांडायला येतात. आणि रुमालाइतकंच स्वतःच्या संस्थेचं दप्तर सांभाळा. जुनी हजेरीपत्रकं, वसतिगृहाच्या वह्या, संमेलनांचे फोटो. रद्दीवाला आधी तिथंच पोचतो.

तुमच्याच साताऱ्यात इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी केवढा ऐतिहासिक संग्रह उभा केला होता. १९३९ मध्ये तो पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. अजूनही काही सातारकर हळहळतात. मला मात्र वाटतं, गेला म्हणून टिकला. माणूस गेल्यावर पगार, खोली आणि कुलूप चालू ठेवणारं कोणीतरी मागे लागतं.

पगाराचं विचारलंय. सहायक ग्रंथपालाची सुरुवात ५७,७०० मूळ वेतनावर होते, पण ती कायम जागेवर. प्रकल्पावर कंत्राटी घेतात तेव्हा याच्या जवळपासही जात नाही आणि पैसे तीन-तीन महिने अडकतात. तरी एखादा प्रकल्प करा, कागद हाताळायला मिळतो. नेटचा अर्ज या खेपेलाच भरा, विषय क्रमांक ५९. आणि घरात आजोबांचं खरेदीखत किंवा जुनी वही असेल तर मोडीचा सराव त्यावरच करा. गावाची, माणसांची नावं ओळखीची असतात, त्यामुळे अक्षर लवकर लागतं.