डॉक्टर की संशोधक? बार्शीच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बार्शीची ही मुलगी बारावीला आहे, पीसीबी घेतलंय, गणित अकरावीतच सोडलंय. धाकट्या भावाच्या हृदयाला जन्मतःच होल होतं. अडीच वर्षांचा असताना ऑपरेशन झालं, आता तो सहावीत आहे आणि दिवसभर गल्लीत क्रिकेट खेळतो. मुलीनं मध्यंतरी हृदयाच्या जडणघडणीवर संशोधन करणाऱ्या डॉ. दीपक श्रीवास्तव यांचं एक व्याख्यान मोबाइलवर पाहिलं आणि तेव्हापासून ‘मी नीट देणारच नाही, हृदय तयार कसं होतं यावर संशोधन करणार’ म्हणून हटून बसलीय. वडिलांचं म्हणणं, आधी एमबीबीएस हो, मग काय करायचं ते कर. आई विचारतेय, कुणाचं खरं?

ताई, आधी एक गंमत. ज्यांचं ऐकून लेकीनं नीटवर फुली मारली, ते श्रीवास्तव स्वतः डॉक्टर आहेत. टेक्सासमध्ये मेडिकल केलं, मग लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ झाले आणि त्यानंतर एरिक ऑल्सन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत जनुकांवर काम करायला गेले. आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन या संशोधन संस्थेत आहेत. पण हे लगेच मिस्टरांच्या कानावर घालू नका, पुढचंही वाचा. तिकडे दवाखाना आणि प्रयोगशाळा दोन्ही सांभाळणाऱ्या डॉक्टरांची एक रुळलेली वाट आहे. आपल्याकडे इंटर्नशिप संपायच्या आत पोरांना पीजीच्या नीटचे वेध लागतात. ‘आधी एमबीबीएस, मग संशोधन’ म्हणणारी बरीच मुलं मी पाहिली. त्यातली प्रयोगशाळेपर्यंत पोचलेली एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तरी माझ्या मते खरा प्रश्न डॉक्टर की संशोधक हा नाहीच. लेकीला ओढ कशाची आहे, हृदयाची की भावाची? ऐकायला कठोर वाटेल, पण या दोन ओढी दोन वेगळ्या दारांशी नेतात.

श्रीवास्तवांचंच एक काम सांगतो. हँड२ नावाचं एक जनुक आहे. ते काढून टाकलं तर उंदराच्या गर्भात हृदयाचा खालचा उजवा कप्पा, म्हणजे उजवी जवनिका, तयारच होत नाही आणि गर्भ पोटातच मरतो. हे १९९७ साली कळलं. कुणीही म्हणेल, सोपं आहे, हँड२ हे उजव्या जवनिकेच्या पेशी घडवणारं जनुक. पण २०१९ साली त्यांच्याच गटानं उंदराच्या गर्भातल्या हृदयाच्या हजारो पेशी सुट्या करून एकेकीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचलं. निघालं भलतंच. हँड२ नसलं तरी उजव्या जवनिकेच्या पेशी ठरलेल्या असतात. त्या नीट पक्व होत नाहीत आणि आपल्या जागी पोचत नाहीत. जन्मालाच येत नाहीत त्या दुसऱ्याच पेशी, हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या मार्गाच्या. एका जनुकाचा अर्थ नीट लागायला २२ वर्षं गेली, ताई. तीही जगातल्या अव्वल प्रयोगशाळेत, पैशाची ददात नसताना. हे वाचून लेकीचे डोळे चमकले तर ती संशोधक. ‘पण मग त्या बावीस वर्षांत पेशंटचं काय झालं?’ असं तिच्या तोंडून आलं तर तिनं डॉक्टर व्हावं, आणि ते मुळीच कमी प्रतीचं नाही. तुमच्या मुलाच्या हृदयाचं होल सर्जननं बुजवलं, जनुक शोधणाऱ्यानं नव्हे.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे, पण वाचता येते. ‘ग्रहणात मी भाजी चिरली होती असं सासूबाई अजून म्हणतात.’ करिअरच्या सदरात याचं उत्तर द्यायचं नसतं, तरी देतो, कारण लेकीला जे शिकायचंय ते नेमकं हेच आहे. गर्भाचं हृदय चौथ्या आठवड्यात धडधडायला लागतं, तेव्हा ते नुसती एक नळी असतं. मग ती नळी वळते, दुमडते, आत पडदे उभे राहतात आणि आठव्या आठवड्याच्या आसपास चार कप्पे वेगळे होतात. ती नळी धडधडायला लागते तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं. २००३ साली श्रीवास्तवांच्या गटानं एका घराण्याचा अभ्यास केला. त्यात अनेक पिढ्यांत पडद्याला होल असलेली माणसं होती. गाटा४ या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं सापडलं. त्यामुळे त्याचं प्रथिन टीबीएक्स५ नावाच्या जोडीदाराला नीट धरू शकत नव्हतं. अशी सरळ घराण्यातून चालत आलेली उदाहरणं थोडी. बहुतेक मुलांच्या बाबतीत एकच एक कारण बोटानं दाखवता येत नाही. पण विळीचा आणि ग्रहणाचा त्यात काही संबंध नाही. हा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवा, हवं तर माझं नाव सांगा.

आता वाटा. बारावीनंतर थेट विज्ञानाकडे जायचं तर पुण्याच्या पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम. त्याची परीक्षा आयएटी, साठ प्रश्नांची: जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित, प्रत्येकी पंधरा. गणित नसलेल्यांनाही बसता येतं, पण मग पेपरचा पाव हिस्सा हातातून जातो. इथेच तुमच्या लेकीचं घोडं अडणार आहे. आणि हा नुसता प्रवेशापुरता प्रश्न नाही. वर सांगितलेल्या हजारो पेशी कुणी भिंगाखाली बसून मोजल्या नाहीत, तो सगळा संगणकावरचा हिशेब आहे. गणिताला घाबरून जीवशास्त्र घेणाऱ्यांची सोय या विषयात आता उरलेली नाही. ‘मी ऑप्शनला टाकलं’ म्हणत असेल तर सांगा, अकरावीचं पुस्तक काढ आणि रोज एक तास बस. संभाव्यता आणि कलन (कॅल्क्युलस), एवढ्यापासून सुरू करू दे.

आयसर हुकलं म्हणून दार बंद होत नाही. चांगल्या कॉलेजातून प्राणिशास्त्र किंवा बायोटेकची बीएस्सी, मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा, अशा रस्त्यानं आलेली माझ्या ओळखीची मुलं आज पीएचडी करताहेत. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि विज्ञानच घेतलं तर इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. मिस्टर पैशाचं विचारतील (विचारावंच, घर चालवायचं असतं). नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा, पुढे परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं हंगामी संशोधन. कायमची नोकरी लागेस्तोवर पस्तिशी उजाडते. तेव्हा तिच्या बरोबरीच्या डॉक्टर मैत्रिणीच्या दारात गाडी उभी असेल. हे तिच्यासमोर स्पष्ट बोला, आडून नको.

आणि वडिलांचं ऐकून ती एमबीबीएसला गेलीच, तरी परतीची वाट आहे. बेंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था एमबीबीएस झालेल्यांना थेट पीएचडीसाठी घेते. पण तिथं जायचं तर इंटर्नशिपमध्येच ठरवावं लागतं. एमडीच्या नादी लागलं की मन परत वळवणं अवघड.

जमलं तर दिवाळीनंतर तिला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत घेऊन जा. आधी ईमेल करून परवानगी घ्या, उगाच गेटवर जाऊन उभ्या राहू नका. तिथे झेब्राफिशच्या हृदयावर काम चालतं. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा, अंगावर पट्टे असलेला मासा. पिल्लू काचेसारखं पारदर्शक, त्यामुळे हृदय बाहेरून दिसतं. मोठ्या माशाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत भरून येतो, आपला येत नाही. तो का येत नाही, यावर जगभर माणसं आयुष्य घालवताहेत. पण लेकीला मासे दाखवायला नेऊ नका. पीएचडी करणाऱ्या एखाद्या मुलीशी अर्धा तास बोलू द्या आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. एवढंच विचारायला सांगा: गेल्या महिन्यात किती प्रयोग फसले, आणि दुसऱ्या दिवशी काय केलंस?

त्याआधी घरीच एक करता येईल. मी प्राणिशास्त्र शिकवायचो तेव्हा पोरांना पहिलं हेच दाखवायचो. तुमच्याकडे नाहीतर शेजारी खुडूक कोंबडी असेलच. दुकानातली अंडी चालणार नाहीत, गावठीच हवीत, कोंबडा फिरत असलेल्या खुराड्यातली. कोंबडी बसल्यापासून पाचव्या रात्री घरातले दिवे घालवा, एक अंडं उचला आणि बोथट टोकाला मोबाइलचा टॉर्च टेकवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतील आणि मधोमध एक ठिपका. हात स्थिर ठेवला तर तो हललेला दिसेल. अंडं फोडायचं नाही, दोन मिनिटांत परत कोंबडीखाली.

लेकीला काही समजावू नका. रोज रात्री तेच अंडं बघू दे आणि वहीत चित्र काढू दे. कुठल्या रात्री कंटाळली ते मला कळवा. एखाद्या अंड्यात काहीच दिसणार नाही, तेही राहू द्या. ते का वाढलं नाही असं तिनं विचारलं तर तेही कळवा. अंड्यांवर तारीख मात्र पेन्सिलीनंच घाला, पेनाची शाई नको.