वाचकांचे प्रश्न : हवामानाचं मॉडेल पास की नापास, ठरवायचं कसं?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आलेख फिरतोय. जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने १९८८ साली कॉम्प्युटर मॉडेलवरून तापमानवाढीचा अंदाज दिला होता, त्याची रेघ आणि खरं मोजलेलं तापमान शेजारी शेजारी दाखवलंय, आणि अंदाजाची रेघ फारच वर गेलीय. मग ही मॉडेल्स फेल गेली असंच म्हणायचं ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अंदाजाची रेघ त्यात एकच आहे ना, गडबड तिथेच आहे. हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रेघा काढल्या होत्या, ए, बी आणि सी. माणसं पुढे किती कोळसा-तेल जाळतील, फ्रीज-एसीतले सीएफसी वायू किती सोडतील हे मॉडेल सांगू शकत नाही, ते आपणच काहीतरी धरून त्याला द्यावं लागतं, म्हणून तीन वेगवेगळ्या शक्यता धरल्या. ए मध्ये वायूंची वाढ दरवर्षी जास्तच वेग घेणार, बी मध्ये वाढ साधारण एकाच चालीने होणार आणि सी मध्ये २००० नंतर ती जवळपास थांबणार. यातली बी जास्त शक्य वाटते असं त्यांच्या शोधनिबंधातच लिहिलेलं होतं. पण १९९८ साली अमेरिकेच्या संसदेपुढे साक्ष देताना एका टीकाकाराने बी आणि सी बाजूला ठेवून फक्त ए दाखवली. मला याचा खरंच राग येतो, कारण तीनपैकी दोन उत्तरं खोडून मग निकाल लावायचा ही परीक्षाच नाही.

आता बी तरी बरोबर आली का? तर नाही, तिनेही प्रत्यक्षापेक्षा साधारण दीडपट तापमानवाढ दाखवली, आणि हे लपवायचं काहीच कारण नाही. त्यातला मोठा भाग असा की बी मध्ये धरले होते तेवढे वायू हवेत गेलेच नाहीत, ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारामुळे सीएफसी आटोक्यात आले, मिथेनची वाढही मधली काही वर्षं मंदावली. दुसरा भाग मात्र मॉडेलचाच दोष. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी ४.२ अंशांनी तापेल असं ते मॉडेल म्हणत होतं, आणि आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, २०२१ चा सगळ्यात चांगला अंदाज ३ अंशांचा आहे.

म्हणून मॉडेलची परीक्षा घ्यायची तर दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात, वायू किती सोडले जातील हा अंदाज, आणि तेवढे वायू आले तर तापमान किती वाढेल हे भौतिकशास्त्र. झीक हाउसफादर हे हवामानशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच केलं. १९७० ते २००७ मधले असे १७ अंदाज घेतले, ते जसेच्या तसे तपासले तर १० प्रत्यक्ष मोजमापाशी जुळले, आणि वायू खरोखर जेवढे वाढले त्याचा हिशोब धरल्यावर १४ जुळले. हॅन्सन यांचा तो बदनाम अंदाजही या दुसऱ्या कसोटीत पास झाला.

अजून एक. मोजमाप म्हणजे दगडावरची रेघ असं आपण समजतो पण तसं नाहीये. समुद्राचं तापमान पूर्वी मुख्यतः जहाजांवरून, बरेचदा इंजिनाकडे ओढलेल्या पाण्यात मोजायचे, मग बॉय, म्हणजे समुद्रात तरंगणारी मोजमापाची यंत्रं, आली, आणि जहाजाचा आकडा बॉयपेक्षा साधारण ०.१२ अंशाने जास्त येतो असं आढळलं, म्हणजे नुसतं साधन बदललं तरी समुद्र थंड झाल्यासारखा दिसणार, त्याची दुरुस्ती करावी लागते. शिवाय मॉडेलच्या आलेखात बहुतेक वेळा समुद्रावरच्या हवेचं तापमान असतं आणि मोजमापात पाण्याचं, आणि मॉडेलमध्ये तरी हवा पाण्यापेक्षा जरा जास्त वेगाने तापते. आणि एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापून सगळ्या जगाचं तापमान तात्पुरतं वर जाणं! मॉडेलमध्येही एल निनो येतात पण स्वतःच्या वेळापत्रकाने, त्यामुळे १९९८ सारख्या जबरदस्त एल निनोच्या वर्षापासून रेघ सुरू केली की पुढची १०-१२ वर्षं तापमानवाढ थांबलीच असं दाखवता येतं. निदान ३० वर्षांचा पट्टा घ्या.

प्रश्न : मागची माहिती आधीच हातात असते, मग मॉडेल त्याच्याशी जुळवून घेणं म्हणजे पेपर फुटल्यावर मार्क मिळवणं नाही का? (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : शंका एकदम योग्य आहे. मॉडेलमधले काही आकडे, विशेषतः ढगांचे, जुळवून घेतलेले असतात हे खरंच आहे, मॉडेल पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडून हिशोब करतं आणि ढग त्या चौकटीपेक्षा फार लहान असतात. म्हणून जे आधी माहीतच नव्हतं त्यावर परीक्षा घ्यायची. मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, थंड होईल. तसं मोजायची साधनं नंतर आली आणि तसंच दिसलं. सूर्यामुळे तापत असतं तर वरही तापायला हवं होतं. (मानाबेंना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा हॅन्सन यांच्या गटाने पृथ्वी साधारण अर्धा अंश थंड होईल असं आधीच छापलं, आणि १९९२ मध्ये जवळपास तेवढीच थंड झाली. हा पेपर कुणीही आधी फोडलेला नव्हता.

प्रश्न : आमची वाईजवळ हळद असते. एका वेबसाइटवर गावाचं नाव टाकलं की २०५० सालचा पाऊस मिलिमीटरमध्ये दाखवतात. त्यावर विसंबून विहीर, पिकं ठरवायची का? (एक शेतकरी, सातारा जिल्हा)

उत्तर : त्या एका आकड्यावर तर नकोच. जगाच्या सरासरी तापमानात मॉडेल्स चांगली उतरतात आणि आपल्या मान्सूनमध्ये अडखळतात, दोन्ही खरं आहे. जागतिक मॉडेलची एक चौकट साधारण १०० किलोमीटरची असते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत, मध्ये अंतर रस्त्याने ३०-३५ किलोमीटर. म्हणजे महाबळेश्वर, वाई आणि कोकणाचाही तुकडा एकाच चौकटीत, आणि त्यात सह्याद्रीची धारच उरत नाही, एक बुटका उतार होतो. मग ढग अडवणार कोण? शिवाय बऱ्याच मॉडेल्समध्ये भारतावर पाऊस कमी आणि विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर जास्त पडतो, हा दोष कित्येक वर्षं टिकून आहे. मध्य भारतात १९५० नंतर मान्सून कमी झाला तोही बऱ्याच मॉडेल्सना नीट दाखवता आलेला नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने स्वतःचं मॉडेल बनवून आंतरराष्ट्रीय तुलनेत उतरवलं ते यासाठीच मला महत्त्वाचं वाटतं, आपला मान्सून नीट यावा ही निकड आपल्यालाच सगळ्यात जास्त.

वेबसाइटवाले म्हणतील आम्ही दुरुस्ती केलीय. करतात, मॉडेलची सरासरी हवामान खात्याच्या जुन्या नोंदींशी जुळवून घेतात. पण त्याने मागचा आकडा सुधारतो, पुढे पाऊस वाढणार की घटणार हे मॉडेलने चुकीच्या कारणाने काढलं असेल तर ते तसंच राहतं.

उन्हाळा कडक होणार, थोड्या वेळात धो धो पडण्याचं प्रमाण वाढणार, यावर मात्र विसंबून नियोजन करा, कारण तिथे मॉडेल, भौतिकशास्त्र आणि नोंदी एकाच बाजूला बोलतात. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढलेल्या दिसल्या. त्यामुळे हळदीच्या रानातलं पाणी काढून द्यायचे चर आधी नीट करा. पावसाच्या एकूण आकड्यासाठी जवळच्या पर्जन्यमापकाच्या मागच्या ३० वर्षांच्या महिनावार नोंदी मिळवा, आणि वेबसाइटवर त्याच वर्षांचं मॉडेल काय म्हणतं ते, दुरुस्तीच्या आधीचं, मागून घ्या. एकाच नाही तर निदान पाच-सहा मॉडेल्सचं. जुलैचा पाऊसच त्यांना जुळत नसेल, किंवा निम्मी वाढ आणि निम्मी घट सांगत असतील, तर २०५० चा तो मिलिमीटरचा आकडा बाजूला ठेवा आणि विहिरीचा निर्णय भूजलाच्या पातळीवरून घ्या.