साडेपाचची बस

"मॅडम, मी घमंडी दिसतो का?"

खुर्चीवर टेकायच्या आत तिने विचारलं. (आमच्याकडे बायाही 'दिसतो, जातो' म्हणतात.) प्रश्न मला नवा नव्हता. कुणाला कामावर 'आखडू' म्हणतात, कुणाला 'कामचोर', कुणाला 'साहेबाचा माणूस'. शब्द वेगळे, दुखणं एकच. आपल्याबद्दल एक मत पडलेलं असतं आणि काही केल्या ते हलत नाही. तिच्या परवानगीने ही हकिकत लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाला बाजाराच्या दिवशीच बसते, मुद्दाम. त्या दिवशी कुठे चालली हे कुणी विचारत नाही. परतताना पिशवीत मेथी-सांबार (म्हणजे कोथिंबीर) दिसला की झालं. तिला अकराची वेळ दिली होती, ती आली अकरा चाळीसला. तोवर मी वहीत लिहून मोकळी झाले होते, 'उशीर. गांभीर्य कमी?' ते प्रश्नचिन्ह फक्त शोभेला होतं. मत माझं झालेलं होतं.

ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसते. गाडी भरून आली की वजन घ्यायचं, रिकामी झाली की पुन्हा घ्यायचं, चिठ्ठी काढायची. काम दसऱ्यापासून होळीपर्यंत. दोन हंगाम झाले होते. चिठ्ठीत दुसऱ्या कुणाची चूक झाली तर 'गडबडीत झालं असन', तिची झाली तर 'लक्षच नाही बाईचं'. मुनीमजी तर तिच्याकडे पाहतही नाहीत. "मी इचारलं तं उत्तर देत नाही. मी का माणूस नाही का मॅडम?" रात्री झोप येत नव्हती. यंदाचा हंगाम अर्ध्यावर सोडायचं तिच्या मनात होतं.

पुढे जाण्याआधी मी दुसरंच विचारलं. आडनावावरून कोणी काही बोलतं का? पाण्याचा ग्लास वेगळा ठेवतात का? बाईमाणूस म्हणून कोणी घाणेरडं बोलतं, अंगचटीला येतं का? हे आधी विचारावंच लागतं. अशा गोष्टींना 'गैरसमज' म्हणून समुपदेशनाच्या खुर्चीत बसवणं हा त्या माणसावर दुसरा अन्याय असतो. दहापेक्षा कमी माणसं कामाला असली, तरी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "तसं नाही मॅडम. तसं असतं तं मी तिथंच चप्पल काढली असती."

मग तिच्या काट्यावरचा कॅमेरा कामी आला. तिला म्हटलं, मुनीमजींनी काल काय केलं ते सांगा, पण फक्त कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच.

"मले कस्पटासमान..."

"कस्पट कॅमेऱ्यात दिसत नाही."

ती थांबली. मग सावकाश सांगू लागली. मी त्याईच्या बाजूला उभी राह्यली. गाडी नंबर इचारला. ते कागद पाहत राह्यले. मी परत गेली.

एवढंच होतं. बाकीचं तिने लावलेलं होतं. खोटं असेलच असं नाही, पण लावलेलं. आम्ही वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'लावलं'. आठवडाभर रोज दोन-तीन ओळी लिहायच्या. घरचं लिखाण देणं मला फारसं आवडत नाही, माणसं बसमध्ये बसून सगळं एकदम लिहून आणतात. तिने मात्र रोज लिहिलं. काट्याच्या कामाची सवय.

पुढच्या खेपेला कॅमेरा तिच्याकडे वळवला. संध्याकाळी तुम्ही कशा दिसता? ती सांगू लागली. पाच वाजता चहा येतो. मी नको म्हणतो. पाच वाजून दहा मिन्टांनी पर्स उचलतो अन् जातो. कोणाशी बोलत नाही...

वाक्य अर्धवट राहिलं आणि बराच वेळ ती बोटातली अंगठी फिरवत बसली.

साडेपाचची एसटी चुकली की पुढची साडेसातला. घरी सासूला अर्धांगवायू, दिवसभर शेजारीण बघते, तिलाही अंधाराच्या आत स्वतःची चूल पेटवायची असते. हे जिनिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. का सांगितलं नाही? "घरचं सांगितलं का लोकं कीव करतात. नाही तं म्हणतात, कायले आली मग कामाले?" म्हणजे कारण तिने पदराखाली ठेवलं होतं आणि लोकांना दिसत होती ती फक्त उचललेली पर्स.

मानसशास्त्रात यावर एक जुना प्रयोग आहे. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना क्युबाच्या कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला दिले, काही बाजूने, काही विरोधात. लिहिणाऱ्याने बाजू स्वतः निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती, हे सांगूनसुद्धा वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की थोडंफार त्याचं मत तेच असणार. परिस्थिती समोर मांडलेली असतानाही आपण स्वभावावर बोट ठेवतो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या खोडीला नाव दिलं. मराठीत तिला 'कारण लावण्यातली मूलभूत चूक' म्हणता येईल. काट्यावर तर परिस्थिती कुणी सांगितलीच नव्हती. आणि एकदा 'घमंडी' ठरल्यावर चिठ्ठीतली चूकही त्याच रंगाची दिसू लागते. सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना असंच करतात, हे थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. एका गुणाबद्दलचं मत बाकीच्या गुणांवर सांडतं.

हे सगळं मी तिला सांगितलं, पण तिला पटलं ते तिच्याच धंद्यातून. मी सहज विचारलं, ओलावा कसा मोजता? सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत कापसाचा ओलावा आठ ते बारा टक्के चालतो, बाराच्या वर गेला की माल घेत नाहीत. "सकाउन सकाउन गाडी आली तं मीटर जास्त दाखवते. दव असते ना. तोच कापूस दुपारी ऊन खाल्ल्यावर बसते बरोबर." बोलता बोलता तीच हसली. "म्हणजे माह्यं मीटर रोज पाच वाजताच लावते हे लोकं."

आणि मुनीमजींचं? तुम्ही किती वाजता लावलं?

त्यावर ती काही बोलली नाही.

मी तिला थांबून चहा प्या असा सल्ला दिला नाही. बस तिची, सासू तिची. एकाच माणसाला, एकाच वाक्यात बसचं सांगून बघा, एवढंच म्हटलं. सासूचं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. रात्री फारच घालमेल झाली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दिला. तो तिने लावला नाही बहुतेक.

तिने वाक्य चहावाल्या मावशीला सांगितलं, मुनीमजींना नाही. मावशी म्हणाली, "आधी सांगाचं ना माय," आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा कप पावणेपाचला काट्यावर येऊ लागला. त्या कपासोबत जिनिंगच्या गोष्टीही येऊ लागल्या. त्यातली एक अशी की मुनीमजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, वर्षानुवर्षं मशीनजवळ काढली त्यांनी.

"साऱ्याईले ठाऊक होतं मॅडम, मलेच नाही. अन् माह्या खुर्चीकडून गेलं का मी डाव्याच बाजूनं उभी राहतो."

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिथला कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर अजून तिला टोमणे मारतो. त्याचा तिच्याशी काय दावा आहे, ते आम्हा दोघींनाही उमगलेलं नाही. आम्ही त्याला 'दिसलं'च्या रकान्यात ठेवला आहे. हंगाम मात्र तिने पुरा केला.

तोवर मी पहिल्या पानावरची ती नोंद खोडली होती. तिच्या गावाहून बाजाराच्या दिवशी पहिली गाडी सव्वाअकराला पोचते, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. मी विचारलंच नव्हतं. मग तिची वेळ साडेअकरा केली.

शेवटच्या भेटीला ती आली बारा वाजून दहा मिनिटांनी. मी शहाणपणाने म्हटलं, "बस उशिरा आली का?"

"नाही वो मॅडम," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली, "बस टायमावर होती. बाजारात मुनीमजीची बायको भेटली, च्या पेल्याशिवाय सोडलंच नाही."